लाइनवर राहा

काचेखालच्या फटीतून एक हात बाहेर आला. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली. लहान मुलाकडून त्याच्या तोंडातला खडा मागावा तसा. आणि ऑपरेटरबाईंनी आपला फोन त्या हातावर ठेवला. घडलं ते एवढंच. काचेपलीकडे त्या हातानं लाल बटण दाबलं, फोन उपडा करून शिक्क्यांच्या शेजारी ठेवला, आणि पावणेदोन तास ऑपरेटरबाईंच्या अंगाला चिकटून बसलेला आवाज थांबला. आता त्या बँकेतल्या भिंतीकडच्या बाकावर बसल्या होत्या. हातात पाण्याचा ग्लास होता, तो अर्धा सांडून झाला होता, आणि डावा कान अजून तापलेला होता. हा डावा कान म्हणजे त्यांच्या नोकरीचा कान. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं त्यांनी ह्याच कानावर हेडफोन चढवला. कानाची वरची कड त्यानं थोडी चपटी झाली ती कायमची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, एक्स्चेंजच्या इमारतीत आता फर्निचरचं दुकान आहे, तरी घराखालचा इस्त्रीवाला त्यांना ऑपरेटरबाईच म्हणतो, आणि त्यांनाही ते आवडतं. "एका हॅलोवरून माणूस ओळखते मी," असं त्या लेकीला, जावयाला, डॉक्टरला, ऐकेल त्याला सांगत आल्या होत्या. आणि आज त्यांनी एका हॅलोवरून ओळखलेल्या माणसासाठी आपली एकुलती एक ठेव मोडायचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला होता. ती ठेव गेली असती तर दोन खोल्यांचं भाडं गेलं असतं, आणि खोल्या गेल्या की त्यांचं एकटीनं, आपल्या मर्जीनं राहणं गेलं असतं. पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं. ते त्यांनी प्यायलं.

सकाळी नऊच्या सुमाराला त्या बटाटे सोलत होत्या तेव्हा फोन आला. बटाट्याचा हात कुडत्याला पुसून त्यांनी तो उचलला, आणि पहिल्यांदा ऐकू आलं ते माणसाचं बोलणं नव्हतं, त्यामागची गुणगुण होती. एका खोलीत पंचवीस-तीस जणं शेजारी शेजारी बसून वेगवेगळ्या माणसांशी एकाच वेळी बोलत असली की जी गुणगुण होते ती. ज्यानं ती ऐकली नाही त्याला ती गोंगाट वाटेल. ऑपरेटरबाईंना ती बारा वर्षं स्वप्नात ऐकू येत होती. त्यांचं अंग एकदम सैल पडलं. दिवसभर दोन खोल्यांत फ्रीजचा आवाज आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्चीची खरखर एवढंच ऐकणाऱ्या बाईला कोणीतरी तिच्या जुन्या खुर्चीवर नेऊन बसवलं होतं. "लाइनवर राहा हं मॅडम," तो म्हणाला, आणि काय सुरेख म्हणाला! घाई नाही, ओरडणं नाही; शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळणारा, शिकवून तयार केलेला आवाज. टेलिफोन कंपनीच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय, म्हणाला. तुमच्या नावावर कोणीतरी दुसरी जोडणी घेतलीय, तिच्यावरून लोकांना धमक्या जातायत, तक्रार झालीय. ऑपरेटरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, मी स्वतः ह्याच खात्यात एकतीस वर्षं होते," त्या म्हणाल्या. आता बाकावर बसल्यावर त्यांना दिसत होतं की सुरी त्यांनी आपल्याच हातानं मुठीकडून त्याच्या हातात दिली होती. कारण तो क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच की! मग तर तुम्हाला वाचवायलाच हवं." आपल्यातल्याच. ह्या एका शब्दावर त्या पावणेदोन तास चालल्या. घरापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून बँकेपर्यंत. तुमची ठेव संध्याकाळपर्यंत गोठवली जाईल, त्याआधी ती आमच्या सुरक्षित खात्यात हलवा, चौकशी झाली की दोन दिवसांत परत. घरच्यांना आत्ता सांगू नका, त्यांची नावं उगाच कागदावर येतील. बँकेत कोणी विचारलं तर घरदुरुस्ती म्हणा. आणि फोन ठेवू नका, बँकेत शिरताना स्पीकर लावून खिशात चालू राहू द्या, मी ऐकतोय, मी सोबत आहे.

खरं सांगायचं तर फोन ठेवू नका हे त्यानं सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या कोणा बाईनं शंका येऊन, कंटाळून, निदान बटाटे काळे पडतायत म्हणून तरी फोन ठेवला असता. ऑपरेटरबाईंना फोन ठेवता येत नाही. म्हणजे उचलता येतो, बोलता येतं, पण समोरच्याच्या आधी ठेवता येत नाही. लेक हसते ह्याला. "आई, तू ठेव ना," "नाही, तू ठेव," असं प्रेमिकांसारखं त्यांचं रोज संध्याकाळी चालतं, आणि शेवटी लेकच ठेवते. गाद्या विकणारे, कर्ज देऊ करणारे, चुकून लागलेले, सगळ्यांचं ऑपरेटरबाई शेवटपर्यंत ऐकून घेतात. ही सवय हाडात भिनवली थोरलीनं. थोरली म्हणजे त्यांच्या पाळीची सुपरवायझर. मुली तिला पाठीमागे थोरली म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. उंच, कोरडी, चालताना चपलांचा आवाज न करणारी. नव्या मुलीला कॉर्ड खोचून लाइनी जोडायच्या बोर्डावर बसवताना ती एकच नियम सांगायची : "आपण आधी कॉर्ड काढायची नाही. बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत लाइन त्याची." परगावचा ट्रंक कॉल असला तर पैसे भरलेली तीन मिनिटं संपली की फक्त "तीन मिनिटं झाली" असं म्हणायचं, तेही हळू, दार वाजवून आत यावं तसं. ऑपरेटरबाईंनी ह्या वाक्यावर किती जणांची रडणी थांबलेली ऐकली होती, किती नवराबायकांची भांडणं, किती बापांचं न संपणारं "बरं, तब्येतीला जप." एकदा एक माणूस तीन मिनिटं नुसता श्वास घेत होता आणि पलीकडची बाई नुसती श्वास घेत होती, आणि ऑपरेटरबाईंनी ते तीन मिनिटं ऐकलं आणि पुढची तीन मिनिटं त्यांना बक्षीस दिली. कोणाला कळलं नाही. असल्या कानाच्या बाईला एका भामट्यानं "लाइनवर राहा" म्हटलं होतं.

खिडकी नंबर तीनची क्लार्क त्यांना चांगली ठाऊक होती. ठाऊक म्हणजे तिच्या रांगेत उभं राहायचं नाही एवढं ठाऊक. जाडसर, चाळिशीची, मान खाली घालून काम करणारी, आणि अशी संथ की पहिल्या खिडकीवरची पाच माणसं होईपर्यंत हिची दोन होत. प्रत्येक अर्ज बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत. गोगलगाय हे नाव तिला ऑपरेटरबाईंनीच ठेवलं होतं, आणि इस्त्रीवाल्याला ते इतकं पटलं की तोही म्हणायला लागला. आज पहिल्या खिडकीवर मोठी रांग होती आणि खिशातला आवाज म्हणाला, "जिथे गर्दी कमी तिथे जा मॅडम, वेळ नाही." म्हणून त्या तीनवर गेल्या. म्हणजे गोगलगायीकडे त्यांना पाठवलं ते त्या भामट्यानंच. ह्याचंही त्यांना आता बाकावर हसू यायला लागलं होतं, पण ते त्यांनी दाबून ठेवलं. गोगलगायीनं अर्जावर बोट ठेवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. ऑपरेटरबाईंना हिला दोन चिमटे काढावेत असं वाटत होतं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"मावशी, हे ज्यांच्या खात्यात पाठवताय, ते तुमचे कोण?"

"घरदुरुस्ती," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"हो, पण कोण? गवंडी?"

"गवंडीच."

"त्यांना कधी भेटलात?"

ऑपरेटरबाईंनी खिशावर हात ठेवला. खिशातून बारीक आवाज आला, "सांगा, मागच्या आठवड्यात." तो काचेपलीकडेही गेला असावा, कारण गोगलगायीनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं ऑपरेटरबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, खिशाकडे पाहिलं. मग एका चिठ्ठीवर सावकाश, तिच्या त्या सावकाशीनं, काहीतरी लिहिलं आणि काचेला आतून लावून धरलं. "तुमच्या खिशात कोण बोलतंय? फोन मला द्या." आणि हात पुढे केला.

तो हात आपण आधी पाहिला आहे हे ऑपरेटरबाईंना पाण्याचा ग्लास रिकामा झाल्यावर आठवलं. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. एक ग्राहक होता, रोज दुपारी साडेतीनला नंबर मागायचा, आणि नंबर लागत नाही म्हटलं की बोलायला लागायचा. काय बोलायचा ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या नुसत्या बसायच्या, लाल होऊन, हात कॉर्डवर, आणि कॉर्ड काढायच्या नाहीत. बोलणाऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं ना. आठवा की नववा दिवस असेल. मागून, चपलांचा आवाज न करता, त्यांच्या खांद्यावरून एक लांब कोरडा हात आला आणि त्यानं कॉर्ड उपटली. भाजी उपटावी तशी, सहज. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नियम बोलणाऱ्यांसाठी आहे," ती म्हणाली. "हा बोलत नव्हता." आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. बावीस वर्षांच्या त्या मुलीला तेव्हा आभार मानावेसे वाटले नाहीत. तिला लाज वाटली, की थोरलीनं ते ऐकलं. पुढे कित्येक दिवस ती थोरलीची नजर चुकवत राहिली, मग सवय झाली, मग थोरली निवृत्त झाली, मग कोणीतरी म्हणालं की गेली. नियम मात्र राहिला. त्यामागचं वाक्य कुठेतरी हरवलं. माणूस काय जपतो आणि काय सांडतो ह्याला काही हिशेब नसतो, ऑपरेटरबाईंच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरून आले, आज पहिल्यांदा. थोरलीसाठी आले की स्वतःसाठी, त्यांना सांगता आलं नसतं.

चहाच्या सुट्टीत गोगलगाय खिडकी बंद करून बाहेर आली. काचेबाहेर ती आणखी बुटकी दिसत होती. दोन कप चहा घेऊन ती बाकावर बसली आणि एक ऑपरेटरबाईंच्या हातात दिला. फोन परत दिला. "तो नंबर मी बंद करून दिलाय," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे नंबरांना तोटा नाही. परत येईल."

"तुला कळलं कसं?"

"मावशी, तुम्ही कधी माझ्या खिडकीवर येत नाही."

ऑपरेटरबाईंनी चहात तोंड घातलं.

"राग नाही हो," गोगलगाय म्हणाली. "सगळेच कंटाळतात. साहेबही बोलतात. पण मागं एका आजोबांचं काम मी भराभर करून दिलं होतं. असंच. खिशात फोन होता त्यांच्या, मला वाटलं रेडिओ. दुसऱ्या दिवशी ते बाहेर त्या पायरीवर बसले होते, आत येईनात." तिनं कप बाकावर टेकवला. "तेव्हापासून मी हळू झाले. दोनच गोष्टी विचारते, कोण आणि कधी भेटलात. ज्याची घाई स्वतःची असते तो चिडतो. ज्याची घाई दुसऱ्यानं दिलेली असते ना, तो घाबरतो. तुमची घाई तुमची नव्हती."

ऑपरेटरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षं ह्या बाईला नावं ठेवली आपण. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते असं, त्यांना वाटलं. फक्त हे पोटातले पाय आज आपल्यासाठी धावले. "मी तुला फार वाईट नाव ठेवलंय," त्या म्हणाल्या.

"गोगलगाय ना? इस्त्रीवाला माझेही कपडे करतो."

आता मात्र दोघी हसल्या, आणि ऑपरेटरबाईंच्या बशीत चहा सांडला. त्यांनी तिचा हात धरला, तोच, आणि म्हणाल्या, "बाई गं, तुझे उपकार आहेत माझ्यावर. हे मी आत्ताच सांगते. मागं एकदा राहून गेलं होतं." गोगलगायीला मागचं काही ठाऊक नव्हतं, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. उठताना एवढंच म्हणाली, "आज घरी कोणाला तरी सांगा. लपवलंत तर तो परत येईल तेव्हा तुम्ही दोघंच असाल, तुम्ही आणि तो."

घरी परतताना रस्ता तोच होता, पण सकाळी तो त्यांना दिसलाच नव्हता. पानं झडलेलं झाड, सायकलच्या दुकानासमोर उलटी ठेवलेली सायकल, शाळेच्या भिंतीवर वाळत घातलेली सतरंजी. एवढं सगळं मधे असताना आपण एका आवाजाला धरून आंधळ्यासारखं चाललो. ते सगळं जागच्या जागी पाहून त्यांना इतकं बरं वाटलं की सायकलवाल्याला त्यांनी उगीचच विचारलं, "काय, पंक्चर?" तो "हो" म्हणाला. पण जिना चढताना त्या मधेच थांबल्या. लेकीला सांगायचं म्हणजे काय होणार हे त्यांना पाठ होतं. गेल्या वर्षी गॅस चालू राहिला तेव्हाच जावई म्हणाला होता, "आईंनी आता आमच्याकडेच यावं." चांगल्या मनानं म्हणाला होता, तेच तर अवघड. लेकीकडे त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक पलंग तयार होता. ह्या दोन खोल्या, हे भाड्याचं घर, आपल्या वेळी जेवायचं, आपल्या वेळी दिवा मालवायचा, हे सगळं एका वाक्यात जाणार होतं. सांगितलं नाही तर? काही गेलं तर नाही. ठेव जागेवर, अर्ज फाडून टाकलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी काळे पडलेले बटाटे पुन्हा सोलायला घेतले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की "घरच्यांना सांगू नका" हे तो बोलला होता, आणि झाकली मूठ म्हणताना त्या अजून त्याचंच ऐकत होत्या. फोन बंद झाला होता, लाइन चालूच होती. त्यांनी सुरी खाली ठेवली.

संध्याकाळी लेकीनं नेहमीच्या वेळी फोन केला. "सकाळी काय चाललं होतं तुझं? चारदा केला, चारही वेळा एंगेज." ऑपरेटरबाईंनी सांगितलं. गुणगुणीपासून सांगितलं, आपल्यातल्याच हा शब्दही सांगितला, गवंडीही. पलीकडे शांतता झाली. शांतता ओळखण्यात ऑपरेटरबाईंनी हयात घातली होती. रागाची शांतता ताणलेली असते, कंटाळ्याची भोकं पडलेली. ही तिसरीच होती. लेक तोंडावर हात धरून रडत होती. "आई," ती शेवटी म्हणाली, "त्या बाईंना मला भेटायचंय. त्यांच्या पाया पडायचंय मला."

"तिला आवडायचं नाही ते. तिच्या रांगेत उभी राहा, पुरे."

लेक रडता रडता हसली. मग तिनं नाक ओढलं. आता येणार ते वाक्य, पलंगाचं. ऑपरेटरबाईंनी खुर्चीचा हात धरला.

"आई, फोन ठेव."

"अं?"

"ठेव म्हणते. माझ्या आधी. तुला ते जमायला हवं. जमलं ना, तर तू तिथेच राहा, मी ह्यांना सांगते. चल. मी आता टेलिफोनच्या मुख्य कार्यालयातून बोलतेय." आणि लेकीनं आवाज जाड केला. "मॅडम, लाइनवर राहा हं—"

ऑपरेटरबाईंचा अंगठा लाल बटणावर होता आणि खाली जात नव्हता. पोरीचा आवाज होता तो. मग त्यांनी डोळे मिटले, खांद्यावरून येणारा लांब कोरडा हात आठवला, आणि दाबलं. खोलीत फ्रीजचा आवाज तेवढा राहिला. लगेच फोन वाजला. "शाब्बास! फार वेळ लावलास पण. परत. मॅडम, तुम्हाला बक्षीस लागलंय—" दाबलं. "मॅडम, तुमची वीज आज तुटणार—" दाबलं. "मॅडम, मी तुमचा नातू बोलतोय, मला पोलिसांनी—" ह्यावर जरा अडखळल्या, कारण नातू मागे खरोखरच ओरडत होता की मलाही खेळायचंय. पण दाबलं, आणि ठरवलं की नातू संकटात असला तर आधी नातवाच्या आईला विचारायचं. पाचव्या वेळेला फोन वाजला तेव्हा त्या इतक्या हसत होत्या की नाकातून पाणी येत होतं.

"मॅडम, लाइन कट झाली होती का?"

मागे गुणगुण होती. तीच, पंचवीस-तीस जणांची. पुन्हा एकदा अंग सैल व्हायला लागलं, पुन्हा एकदा ती खुर्ची, ती दुपार. त्या खोलीतही कोणी बावीस वर्षांची मुलगी हेडफोन चढवून बसली असेल का, आणि तिच्यामागे कोणी थोरली आहे का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. "काळजी करू नका, मी आहे," तो म्हणत होता, शेवटचं अक्षर न गिळता. "अजून वेळ गेलेली नाही. लाइनवर राहा."

"तीन मिनिटं झाली," ऑपरेटरबाई हळू म्हणाल्या, आणि कॉर्ड काढली.

लेकीचा फोन लगेच आला. "एंगेज लागला. कोण होतं?"

"तोच."

"मग?"

"ठेवला."

"कोणी आधी?"

"मी."

पलीकडे लेक काही बोलली नाही. नातूही गप्प झाला होता, आईनं खूण केली असावी. तिचा श्वास ऐकू येत होता, थोडा चोंदलेला, लहानपणी रडून झोपल्यावर यायचा तसा. ऑपरेटरबाईंनी डाव्या कानावरचा फोन जरा घट्ट धरला. बटाटे अजून तसेच पडले होते, बाहेर दिवे लागत होते. आता ठेव म्हणाली असती तर त्यांनी ठेवला असता, त्यांना आता येत होतं. पण लेक म्हणाली नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.